क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनरला पद द्या : महाराष्ट्र शासनाला एका परिचारिकेचे खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री आणि मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

माहितीसाठी : महाराष्ट्र परिचर्या परिषद, मुंबई आणि महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

विषय : अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरसाठी सेवाप्रवेश नियमांत पद आणि कामाचे लेखी अधिकार मिळण्याबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

मी आयसीयूत काम करणारी परिचारिका आहे. बी.एस्सी. नर्सिंग झाल्यावर काही काळ सरकारी रुग्णालयात कंत्राटी नोकरी केली, मग एका ट्रस्टच्या रुग्णालयात आयसीयू केला आणि 2019 ते 2021 या काळात 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा, गंभीर रुग्णांबाबत ठरलेल्या चौकटीत स्वतः निर्णय घेऊ शकणारी परिचारिका घडवणारा, दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम राज्याबाहेर जाऊन पूर्ण केला. परत आले आणि पुन्हा 'स्टाफ नर्स' म्हणूनच रुजू झाले. हजेरीपटावर तेच, पगारपत्रकावरही तेच. त्याचे वाईट वाटते, पण तेवढ्यासाठी मी मंत्रालयाला पत्र लिहिले नसते. लिहायला बसले ते एका जुन्या रात्रीमुळे. ती रात्र मला अजून आठवते आणि आता तिचा अर्थ कळतो, म्हणून जास्तच आठवते.

2017 चा पावसाळा होता. मी तालुक्याच्या ठिकाणी एका सरकारी रुग्णालयात रात्रपाळीला होते. साडेअकराच्या सुमारास सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या एका मुलाला जीपमधून आणले. भाजीवर मारायचे औषध प्यायला होता. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंगाला तो उग्र वास. असा रुग्ण ज्याने एकदा पाहिला त्याला निदान सांगावे लागत नाही. रात्री संपूर्ण रुग्णालयाला एकच डॉक्टर. त्यांनी पोट धुतले, सलाईन लावले, ऑर्डर लिहिली : ॲट्रोपिन (या विषावरचा उतारा) दोन अँप्यूल, दर अर्ध्या तासाने. तेवढ्यात लेबर रूममधून बोलावणे आले आणि ते तिकडे गेले.

मी ऑर्डर तंतोतंत पाळली. बाराला दिले, साडेबाराला दिले, एकला दिले. फेस थांबत नव्हता. सक्शन करत राहिले. छातीला स्टेथो लावला की पाण्यातून हवा जावी तसा आवाज. दोनदा डॉक्टरांना निरोप पाठवला. एकदा ते धावत आले, बघून 'चालू ठेवा' म्हणाले आणि परत गेले, कारण तिकडे बाळ अडले होते. त्यांना मी आजही दोष देत नाही, एका माणसाला दोन ठिकाणी उभे राहता येत नाही. मुलाची आई कोपऱ्यात बसून एकच विचारत होती, "शिस्टर, त्यो बोलंल का वं?" चारच्या पुढे सॅच्युरेशन उतरायला लागले. 108 ची गाडी आली, जिल्ह्याला पाठवले. तो वाटेतच गेला.

केसपेपरवर माझ्या हातचे वाक्य आहे : ऑर्डरप्रमाणे ॲट्रोपिन दिले.

दोन वर्षांनी अभ्यासक्रमात सेंद्रिय फॉस्फरसच्या, म्हणजे अशाच कीटकनाशकांच्या, विषबाधेचा पाठ आला. त्यात शिकले ते असे. सुरुवातीलाच तीन ते पाच अँप्यूल, म्हणजे 1.8 ते 3 मिलिग्रॅम, एकदम शिरेतून. पाच मिनिटांनी रुग्ण पुन्हा तपासायचा. छाती अजून भरलेलीच असेल तर डोस दुप्पट. पुन्हा पाच मिनिटे, पुन्हा दुप्पट. छाती मोकळी होईपर्यंत, नाडी 80 च्या वर आणि वरचा रक्तदाब 80 च्या वर जाईपर्यंत हे चालू ठेवायचे. तिथे पोहोचायला जेवढे ॲट्रोपिन लागले त्याच्या दहा ते वीस टक्के दर तासाला पंपावर. मग नजर ठेवायची. रुग्ण बडबडायला लागला, अंग तापले, आतड्यांचा आवाज बंद झाला, तर जास्त झाले. थोडा वेळ थांबवून कमी प्रमाणात पुन्हा सुरू करायचे.

त्या वर्गात मी वहीत हिशेब मांडला. तीन, सहा, बारा, चोवीस. पहिल्या वीस मिनिटांत पंचेचाळीस अँप्यूल गेली असती. आम्ही तासाला चार देत होतो.

औषध कपाटात होते, किल्ली माझ्याकडे होती. पाच पाच मिनिटांनी नाडी बघणे, छाती ऐकणे, बाहुल्या बघणे हे सगळे मी त्या रात्री करतच होते. नव्हत्या त्या दोनच गोष्टी. एक, डोस दुप्पट करायचा असतो हे ज्ञान. दुसरी, ज्ञान असते तरी तो दुप्पट करण्याचा अधिकार. पहिली गोष्ट मी दोन वर्षे घालवून, कर्ज काढून मिळवली. दुसरी फक्त शासन देऊ शकते, म्हणून हे पत्र.

महाराष्ट्रात ही विषबाधा आडवाटेची गोष्ट नाही, हे आपल्याला मी सांगायला नको. त्याच 2017 मध्ये यवतमाळात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मण्यार चावलेले रुग्ण आहेत. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावते, सूज नाही, फारशी वेदना नाही, पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात आणि मग श्वास थांबतो. अशा माणसाला वेळेवर श्वासनलिकेत ट्यूब पडली, नाहीतर निदान अंबू बॅगने हाताने श्वास देत राहिले, तर काही दिवसांनी तो चालत घरी जातो. मेंदू शाबूत, हृदय शाबूत, फक्त स्नायू काही दिवस झोपलेले. न मिळाला श्वास, तर अर्ध्या तासाचा खेळ.

आता हा अभ्यासक्रम काय आहे, ते सांगते. भारतीय परिचर्या परिषदेने केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मान्यतेने 2016 च्या सुमारास तो आणला. प्रवेशाला बी.एस्सी. नर्सिंग, नोंदणी आणि प्रत्यक्ष रुग्णसेवेचा अनुभव लागतो. वर्गातला वेळ थोडा, बाकी सगळा खाटेपाशी. प्रगत विकृती-शरीरक्रियाशास्त्र (आजारात शरीराचे काम कसे बिघडते), प्रगत औषधशास्त्र, प्रगत रुग्णतपासणी हे तीन विषय म्हणजे त्याचा कणा. शिकवायला नर्सिंगचे प्राध्यापक असतात तसेच अतिदक्षतेतले डॉक्टरही. आणि अभ्यासक्रमातच लिहिले आहे की ही परिचारिका संस्थेने मान्य केलेल्या लेखी प्रोटोकॉलच्या आणि स्थायी आदेशांच्या चौकटीत औषधे, तपासण्या आणि ठराविक प्रक्रिया यांबाबत निर्णय घेईल.

पण कागदावरच्या या ओळींवरून तिथे माणूस कसा बदलतो ते कळत नाही. पहिल्या महिन्यात राऊंडला सरांनी मला विचारले, "पेशंटचं काय चाललंय?" मी नेहमीच्या सवयीने ओव्हर (पाळी बदलताना पुढच्या परिचारिकेला द्यायची माहिती) दिल्यासारखे घडाघडा सांगितले : रक्तदाब इतका, लघवी इतकी, नॉरॲड्रिनलिन (रक्तदाब वाढवणारे औषध) इतक्यावर चालू, तापमान इतके. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "हे सगळं चार्टवर आहे. तुला काय वाटतंय ते सांग." मला काही बोलता येईना. आठ वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता, चार वर्षे कॉलेजात आणि चार वर्षे नोकरीत. आम्हाला निरीक्षण शिकवतात, नोंद शिकवतात, कळवायला शिकवतात. निष्कर्ष काढायचा तो दुसऱ्याने. पुढची दोन वर्षे मी फक्त एवढेच शिकले असे म्हटले तरी चालेल : लघवी कमी झाली आहे म्हणजे पाणी कमी पडतेय, की हृदय थकलेय, की मूत्रपिंड गेले, की नळीच दुमडली आहे? आणि हे ठरवायला आत्ता, या मिनिटाला मी काय बघू? (नळी दुमडलेली असते, हे कितीतरी वेळा खरे निघते, आणि ते आधी परिचारिकेलाच सुचते.)

दुसरे वर्ष सगळे कोविडमध्ये गेले. त्या काळात आमचे पदनाम काय, अधिकार कोणते, हे कोणीही विचारले नाही. एकेका पाळीत आम्ही व्हेंटिलेटर लावले, रुग्णांना पालथे झोपवले, रक्तातले वायू पाहून ऑक्सिजन कमी-जास्त केला. पीपीई किट घालून आत गेलेल्या परिचारिकेला काचेबाहेरून डॉक्टर म्हणायचे, "तुम्ही बघताय ना, तुम्हाला योग्य वाटतं ते करा." साथ ओसरली आणि ते वाक्यही ओसरले.

परत आल्यानंतरची एक रात्र सांगते. साठीच्या एक बाई, न्यूमोनिया, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसे पांढरी, व्हेंटिलेटरवर. मशीनवर दर श्वासाला 450 मिलि हवा ठरवलेली. खाटेच्या वजनकाट्यावर बाई 62 किलोच्या, त्यामुळे आकडा वावगा दिसत नव्हता. पण फुप्फुसाचा आकार पोटावरच्या चरबीने ठरत नाही, उंचीने ठरतो. मी शिवणकामाची टेप आणून उंची मोजली : 150 सेंटिमीटर. त्या उंचीच्या बाईचे हिशेबाचे वजन 43 किलो येते, आणि किलोला सहा मिलिप्रमाणे 260 मिलि. म्हणजे आजारी फुप्फुसात आम्ही जवळजवळ पावणेदोन पट हवा कोंबत होतो. अमेरिकेत 861 रुग्णांवर झालेला मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. त्यात किलोला बारा मिलि हवा दिलेल्यांत सुमारे 40 टक्के रुग्ण दगावले, सहा मिलि दिलेल्यांत 31 टक्के. शंभरातली नऊ माणसे, फक्त एक आकडा बदलल्याने.

रात्री ड्युटीवर असलेल्या आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) डॉक्टरांना मी टेप आणि आकडेमोड दाखवली. ते भले होते, त्यांनी तज्ज्ञ सरांना फोन लावला, सर म्हणाले "बरोबर आहे, कमी करा", आणि आकडा खाली आला. बाई सतराव्या दिवशी घरी गेल्या. ही गोष्ट मी कौतुकासाठी सांगत नाही. त्या जागी दुसरे कोणी असते आणि "सिस्टर, ऑर्डर आहे तेवढंच करा" म्हणाले असते, तर मी गप्प बसले असते. तसे म्हणणारेही भेटले आहेत आणि मी गप्प बसलेही आहे. माझ्या शिक्षणाचा रुग्णाला उपयोग होणार की नाही, हे त्या रात्री ड्युटीला कोण आहे यावर अवलंबून असावे का?

माझी आई एएनएम (गावपातळीवर काम करणारी सहायक परिचारिका-प्रसाविका) होती. जत तालुक्यातल्या एका उपकेंद्रात तिने नोकरीची बहुतेक वर्षे काढली. दुष्काळी मुलूख, रात्री एसटी नाही, जवळचा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर. कंदिलाच्या उजेडात तिने किती बाळंतपणे केली त्याची मोजदाद नाही. पुढे सरकारनेच लेखी परवानगी दिली, की बाळंतपणात रक्तस्राव थांबवण्यासाठी ऑक्सिटोसिन आणि झटके येणाऱ्या बाईला पुढे पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमने द्यावा. ही औषधे साधी नाहीत. मॅग्नेशियम जास्त झाले तर श्वास बंद पडतो. तरी ती परवानगी दिली गेली, कारण डॉक्टरची वाट पाहण्यात बाई मरत होती, आणि एएनएमला काय बघून, किती द्यायचे ते नेमके शिकवता येत होते, कागदावर लिहून देता येत होते.

म्हणजे तत्त्व शासनाने कधीच मान्य केले आहे. माझ्या आईला, अठरा महिन्यांच्या प्रशिक्षणावर, जतच्या माळावर एकटीला जो विश्वास मिळाला, तो तिच्या मुलीला चार वर्षांची पदवी, आयसीयूचा अनुभव आणि दोन वर्षांची रेसिडेन्सी यांनंतर, डॉक्टर फोनवर उपलब्ध असताना, चारही बाजूंनी मॉनिटर असताना मिळत नाही. आईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आमच्याकडं कुणी नव्हतंच गं, म्हणून दिलं." तिने सहज म्हटले, पण मला वाटते धोरणातली खरी गाठ तिथेच आहे. जिथे डॉक्टर मुळीच नाही तिथे आपण परिचारिकेवर सगळे सोपवतो. जिथे एक डॉक्टर चाळीस रुग्णांना आहे, तिथे कागदावर डॉक्टर 'आहे' म्हणून परिचारिकेचे हात बांधतो. रुग्णाच्या दृष्टीने रात्री तीन वाजता या दोन्हींत फरक किती?

जगात ही कल्पना नवी नाही. 1965 मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने मिळून पहिला नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम सुरू केला. कारण आपल्याकडच्यासारखेच होते : खेड्यापाड्यांत मुलांना बघायला डॉक्टर पुरत नव्हते. फोर्डबाई 2025 च्या जानेवारीत, एकशेचार वर्षांच्या होऊन गेल्या. आज तिथे अशा परिचारिका तीन लाखांहून जास्त आहेत. रुग्णालयातल्या गंभीर रुग्णांसाठीची 'ॲक्यूट केअर' ही वेगळी शाखा नव्वदच्या दशकात उभी राहिली. तिच्यात मला आवडलेली गोष्ट अशी, की कार्यकक्षा वॉर्डाच्या नावावरून ठरत नाही, रुग्णाची प्रकृती किती नाजूक आहे त्यावरून ठरते. ब्रिटनमध्ये 2006 पासून त्यासाठीचे खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आपल्या कार्यकक्षेतली औषधे स्वतः लिहून देतात. माझ्या बॅचच्या काही मुली आता परदेशी जाण्याच्या तयारीत आहेत. त्यांना मी थांबवू शकत नाही. इथे त्यांच्यासाठी काय आहे, असे विचारले तर माझ्याकडे उत्तर नाही.

आपल्याकडच्या सरकारी भरतीच्या जाहिराती मी नियमाने बघते. अधिपरिचारिका असते, परिसेविका (वॉर्डाची प्रमुख परिचारिका) असते, पाठ्यनिर्देशिका, मनोविकृती परिचारिका, बालरुग्ण परिचारिका, सार्वजनिक आरोग्य परिचारिका. क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर हे पदनाम मला एकाही जाहिरातीत दिसलेले नाही. त्यामुळे हा अभ्यासक्रम केलेली परिचारिका बहुधा कॉलेजात शिकवायला जाते, कारण पदव्युत्तर पदवीची किंमत तिथे तरी होते. खाटेपाशी राहायला शिकलेली बाई खाटेपासूनच उठून जाते.

डॉक्टरांच्या संघटनांची भीती मला ठाऊक आहे : अर्धवट शिकलेल्यांच्या हाती लोकांचा जीव जाईल. ही भीती खोटी नाही आणि ती बोलून दाखवणाऱ्यांविषयी मला आदर आहे. म्हणूनच नेमके काय मागते आहे ते सांगते. मला दवाखाना टाकायचा नाही. नावापुढे डॉक्टर लावायचे नाही. नवे निदान, शस्त्रक्रिया, उपचार थांबवण्याचा निर्णय, नातेवाइकांशी शेवटचे बोलणे हे सगळे डॉक्टरांचेच आहे. मला हवा तो एक कागद. त्यावर आमच्या रुग्णालयाच्या तज्ज्ञाची सही असेल, आणि ठराविक दहा-पंधरा प्रसंगांत मी काय बघून, काय, किती, कुठपर्यंत करायचे आणि कुठे थांबून त्यांना बोलवायचे, हे लिहिलेले असेल. ॲट्रोपिन दुप्पट करणे. सेप्टिक शॉकच्या (जंतुसंसर्गाने रक्तदाब कोसळलेल्या) रुग्णाचे रक्त कल्चरला (जंतू तपासायला) घेऊन ठरलेले अँटिबायोटिक पहिल्या तासातच सुरू करणे, नॉरॲड्रिनलिन वाढवणे-उतरवणे. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाची रोज सकाळी स्वतःच्या श्वासाची चाचणी (मशीनच्या मदतीशिवाय श्वास जमतो का) घेणे. श्वास थांबलेल्या रुग्णाला, डॉक्टर पोहोचेपर्यंत, ट्यूब टाकणे.

याच राज्याने 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून होमिओपॅथीच्या डॉक्टरांना आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केल्यावर ॲलोपॅथीची औषधे देण्याची वाट करून दिली. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि मला त्यात पडायचे नाही. खासगी आयसीयूंत रात्रीच्या पाळ्या कोण सांभाळते हे सगळ्यांना माहीत आहे. त्या होमिओपॅथीच्या डॉक्टरांतल्या कित्येकांबरोबर मी काम केले आहे, त्यांचे कष्ट पाहिले आहेत. मी एवढेच विचारते, की त्यांच्यासाठी वाट काढता आली, 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याच्या कलम 32 मध्ये डॉक्टर नसलेल्या आरोग्यसेवकांसाठी मर्यादित परवान्याची तरतूद करता आली, तर आयुष्याची दहा वर्षे आयसीयूच्या खाटेपाशी घालवणाऱ्यांचा विचार त्या यादीत कोणाच्या मनात आला का?

अधिकार नाहीत म्हणून जबाबदारीही नाही, असे असते तर गोष्ट वेगळी होती. नोव्हेंबर 2021 मध्ये नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, किमान अकरा रुग्ण गेले. त्यानंतर ज्यांना अटक झाली त्यांत परिचारिका होत्या. त्या खटल्याविषयी बोलणे माझे काम नाही. पण त्या आठवड्यात राज्यातल्या प्रत्येक आयसीयूत आम्ही एकमेकींकडे कसे बघत होतो, ते आपल्याला कळावे. आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता पाहा. तिच्या कलम 106 नुसार हयगयीने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून उपचार करताना तसे घडले तर दोन वर्षांपर्यंत. त्या व्याख्येत वैद्यकीय नोंदवहीतले डॉक्टर येतात, परिचर्या परिषदेत नोंदलेली मी येत नाही. एकच खाट, एकच रात्र, एकच चूक. डॉक्टरला दोन वर्षे आणि मला पाच. संहिता बदलणे राज्याच्या हातात नाही, मला माहीत आहे. पण लेखी प्रोटोकॉल आणि लेखी पद असेल तर निदान मी जे केले ते कोणत्या अधिकारात केले, हे दाखवायला माझ्या हातात एक कागद असेल. आज रात्री तीन वाजता 'तोंडी ऑर्डर' म्हणून जे काही होते ते सकाळी कोणी नाकारले, तर आमच्या बाजूने काहीही नसते.

2023 मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसाविका आयोगाचा कायदा झाला, त्याने 1947 चा परिषदेचा कायदा रद्द करण्याची आणि राज्य आयोगांची तरतूद केली. नियम नव्याने लिहिले जाण्याचा हा काळ आहे. आज राहून गेले तर पुन्हा अशी वेळ किती वर्षांनी येईल? म्हणून विनंती अशी, की सेवाप्रवेश नियमांत क्रिटिकल केअर नर्स प्रॅक्टिशनर हे पद निर्माण करावे, परिसेविकेच्या बरोबरीच्या वेतनाचे, आणि त्याचे काम प्रशासनाचे नसून खाटेपाशीच राहील असे त्यात स्पष्ट लिहावे. नाहीतर बढतीबरोबर इंडेंट (सामानाची मागणी) आणि ड्युटी लिस्ट हातात येते आणि रुग्ण सुटतो, हे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहे. आरोग्य विद्यापीठाने आणि परिचर्या परिषदेने तज्ज्ञ डॉक्टरांना बरोबर घेऊन राज्यासाठी एकच प्रोटोकॉलची वही तयार करावी. दर काही वर्षांनी आमची परीक्षा घ्यावी, नापास झाले तर अधिकार काढून घ्यावेत. याला माझी मनापासून तयारी आहे.

सगळ्या राज्यात एकदम नको. यवतमाळ, गडचिरोली, नंदुरबार अशा तीन जिल्हा रुग्णालयांत वर्षभर करून पाहावे. प्रत्येक पाळीला एक नर्स प्रॅक्टिशनर. आणि मोजावे : विषबाधेचा रुग्ण आल्यापासून छाती मोकळी होईपर्यंत किती मिनिटे लागली, शॉकच्या रुग्णाला पहिले अँटिबायोटिक किती वाजता गेले, व्हेंटिलेटरवर किती दिवस गेले, पुढे पाठवलेले किती वाटेत दगावले. आकडे वाईट आले तर योजना बंद करा, मी पुन्हा पत्र लिहिणार नाही.

माझी दोन वर्षांची लॉगबुक माझ्याकडे आहे. प्रत्येक प्रक्रियेपुढे तारीख आहे आणि बाजूला मला शिकवणाऱ्या डॉक्टरांची सही आहे. ती घेऊन मंत्रालयात यायला मी तयार आहे. त्या तालुक्याच्या रुग्णालयातल्या मुलाविषयी विचारलेत तर तेही सांगेन. रात्रपाळी असली तर ओव्हर देऊन सकाळी नऊपर्यंत मोकळी होते, तिथून पुढची कोणतीही वेळ चालेल.

आपली नम्र,
सांगली जिल्ह्यातील आयसीयूची एक परिचारिका